मदत हवी आहे: टेन्शन नक्की कशाचं आहे ते कळलं, आता कमी कसं करू?

मी बदलापूरला राहते, ऑफिस दादरला. लोकलचे जाऊन येऊन तीन तास तरी जातात. गेले काही महिने सारखी चिडचिड, झोप नीट नाही, मान आणि खांदे कायम आखडलेले. डॉक्टरांनी थायरॉइड, बी१२ सगळं तपासलं, नॉर्मल आलं, ते म्हणाले कधी त्रास होतो ते लिहून ठेवा. म्हणून दोन आठवडे वहीत वेळ आणि कारण लिहिलं आणि खरंच आश्चर्य वाटलं, कारण मला वाटायचं गर्दीचाच त्रास आहे पण गाडीत तर ग्रुपमधल्या मैत्रिणींमुळे उलट बरं वाटतं, खरा त्रास रात्री साडेनऊनंतर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज यायला लागले की होतो आणि दुसरा सकाळी पाणी, डबे, मुलाची स्कूलबस सगळं एकाच अर्ध्या तासात येतं तेव्हा. रात्री भाजी चिरून ठेवायला लागले, त्याने थोडा फरक पडला. नवऱ्याशीही बोलले, बसचं तो बघतो आता.

पण ग्रुपचं काय करू? म्यूट केलं तर काही राहून जाईल ही धाकधूक असतेच. साहेबांशी हे कोणी बोललंय का, कसं बोललात? प्लीज सांगा, मनापासून विचारतेय.