३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दारात येणाऱ्या मुलांना कोणता खाऊ द्यावा?

प्रश्न : एक गृहिणी, जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या अपार्टमेंटमधील मुलांनी या वर्षी ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा करायचे ठरवले आहे. निरनिराळी सोंगे घेऊन ती संध्याकाळी घरोघरी जाणार आहेत आणि प्रत्येक दारात खाऊ मागणार आहेत. आमच्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. काही लिंगायत व जैन घरांत अंडेसुद्धा चालत नाही, एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि सर्वांत धाकटी मंडळी नुकतीच बालवाडीत जाऊ लागली आहेत. हा सण आपला नव्हे, असे काही ज्येष्ठांचे मत आहे आणि त्यांचा मला आदर आहे; परंतु दारात आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे माझ्या मनाला पटत नाही. सर्वांना चालेल असा कोणता खाऊ ठेवावा, आणि ज्या घरांना यात भाग घ्यायचा नाही त्यांना त्रास होऊ नये यासाठी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : न्यू जर्सीत राहणारा सोलापूरकर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इकडच्या रिवाजातच आहे. ज्या घराच्या दारावरचा दिवा लागलेला असतो तिथेच मुले जातात आणि दिवा बंद असेल तर कोणीही घंटी वाजवत नाही. तुमच्याकडे जिन्यातले दिवे सर्वांचे सामाईक असतील, तेव्हा सहभागी घरांनी दाराला एखादा रंगीत कागद चिकटवावा आणि मुलांना तो आधीच दाखवून ठेवावा. ज्येष्ठांच्या दारात कोणी जाणार नाही, आणि त्यांना नकार देण्याचा संकोचही वाटणार नाही.

इकडे बहुतेक घरी अगदी लहान आकाराची, वेगवेगळ्या वेष्टनांतली चॉकलेटे देतात. आपल्या गावात ऑक्टोबरमध्ये दुपारी जे ऊन असते त्यात ती खोक्यातच मऊ पडतील, शिवाय त्यांतल्या अनेकांत शेंगदाणे किंवा इतर सुका मेवा असतो. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत २०१४ पासून एक चांगली पद्धत देशभर रुजली आहे. जे घर खाऊऐवजी छोटी वस्तू देते ते दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवते. पेन्सिल, खोडरबर, स्टिकर, भिंगरी अशा वस्तूंची एक वेगळी टोपली तुम्हीही ठेवू शकता. मात्र ती सर्वांसाठी खुली असावी, म्हणजे त्या एका मुलाला आपण वेगळे काढले गेलो असे वाटणार नाही.

अनोळखी माणसे खाऊत काही मिसळतात ही भीती इकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा एखाद्या अनोळखी माणसाने वाटेल त्या मुलाला विषारी गोळी देऊन मारल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना आढळला नाही. खरा धोका अंधारात रस्ता ओलांडण्याचा आहे. सोलापुरात त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून मुलांची फेरी आवाराबाहेर जाऊ देऊ नका आणि तेवढा वेळ पार्किंगमधली वाहनांची ये-जा थांबवण्याची विनंती सर्वांना करा.

प्रतिसाद २ : बालदंतवैद्य

वरील सूचनांशी मी सहमत आहे. खाऊच्या निवडीबाबत मात्र अधिक काळजीपूर्वक लिहावेसे वाटते.

बालवाडीतल्या मुलांना कडक गोल गोळ्या, अख्खे दाणे आणि जेलीचे छोटे कप कृपया देऊ नका. या वयात पदार्थ नीट चावून खाता येत नाही, श्वासनलिका अरुंद असते, आणि पळत-हसत खाताना गोल व गुळगुळीत पदार्थ घशात अडकला तर तो श्वास पूर्णपणे बंद करू शकतो. याच कारणासाठी आपण लिमलेटची गोळी देण्याचे टाळावे. राजगिऱ्याचा लाडू किंवा वडी मला अधिक योग्य वाटते. मात्र तो बांधताना अनेक ठिकाणी शेंगदाणे घालतात, त्यामुळे दुकानदाराला स्पष्ट विचारून किंवा घरीच करून घ्यावा. आपल्या जिल्ह्यात चटणीपासून पोळीपर्यंत सर्वत्र शेंगा असतात, म्हणून ही चौकशी कंटाळा न करता करायला हवी. घरी करायचे असेल तर दाण्यांचा कूट केलेले भांडे आणि मिक्सर अजिबात वापरू नयेत. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याच्या आईला यादी आधीच दाखवलेली उत्तम.

मार्शमेलो आणि अनेक जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून तयार होते. शाकाहारी घरांनाच नव्हे, तर हलाल पाळणाऱ्या घरांनाही त्याची अडचण होते. वेष्टनावरचा हिरवा ठिपका अवश्य पाहावा. तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी पदार्थ.

दातांविषयी पालकांना एवढेच सांगेन की मुलाने किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे असते. साखर तोंडात गेली की जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्या मुलाच्या दातांना ही उसंत मिळतच नाही. जेवणानंतर एकदाच खाऊ द्यावा, खळखळून चूळ भरायला लावावी आणि झोपण्यापूर्वी दात घासून घ्यावेत.

प्रतिसाद ३ : निवृत्त शिक्षक

ज्येष्ठांच्या आक्षेपाबद्दल, एक ज्येष्ठ म्हणून लिहितो. हा सण आयर्लंड आणि स्कॉटलंडकडून अमेरिकेत गेला. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, आणि ही त्याच्या आदली संध्याकाळ. तिकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, भोपळा अमेरिकेत आला. परंतु सोंग घेऊन दारोदार जाणे आपल्याला परके नाही. बहुरूपी याच रीतीने पोट भरत असे, आणि शिमग्याला आम्ही मुले गोवऱ्या व लाकडे मागत सारी पेठ पालथी घालत असू.

स्कॉटलंडमध्ये मुलाने गाणे, कविता किंवा विनोद सादर केल्याशिवाय त्याला खाऊ मिळत नसे, आणि मला त्या प्रथेचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या हादग्यात गाणी झाल्यावर खिरापत ओळखावी लागते, तेव्हा मुलींच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता असते ती आयता पुडा हातात पडल्यावर कधीच दिसत नाही. म्हणून ताई, तुमच्या दारात प्रत्येक मुलाकडून त्याच्या घरच्या भाषेतल्या चार ओळी ऐका, मग डब्यात काय आहे ते ओळखायला लावा आणि उत्तर चुकले तरी खाऊ द्या. तेलुगू घरातले मूल बतुकम्मा या फुलांच्या सणाचे गाणे म्हणेल, कन्नड घरातले मूल बसवण्णांसारख्या शरणांचे एखादे वचन, म्हणजे छोटी भक्तिरचना, म्हणेल. ज्यांचा आज विरोध आहे तेसुद्धा ते ऐकायला दार उघडतील, अशी माझी मनापासून खात्री आहे. मुलांना शेजाऱ्यांची दारे ओळखीची व्हावीत, हेच मला यात महत्त्वाचे वाटते.

आणखी एक काळजी घ्यावी. हा दिवस कधीकधी ऐन दिवाळीत येतो. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. अशा वर्षी दारोदारी पणत्या असतात, आणि नायलॉनचा घोळदार झगा पणतीवरून गेला तर क्षणात पेटतो. सुती, आखूड कपडे घालावेत, आणि डोळे झाकणाऱ्या मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. राजगिऱ्याच्या वड्या दाण्यांशिवाय घरीच करीन आणि पेन्सिलींची टोपली शेजारी ठेवीन. रंगीत कागदाची कल्पना आज समितीपुढे मांडते. गुरुजी, चार ओळींची अट मुलांना आत्ताच कळवते, म्हणजे त्यांना पाठ करायला वेळ मिळेल. अगदी लहानग्यांनी नुसते आपले नाव सांगितले तरी मला पुरेसे आहे.