घरातल्या सगळ्यांना वापरता येईल असा साधा डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा?

शाहूनगरी

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि तिसरीत शिकणारी मुलगी असे चौघे आहोत. मागच्या पावसाळ्यात यजमानांचा मोबाईल पाण्यात पडून बंद झाला आणि मुलीचे बालवाडीपासूनचे बहुतेक फोटो त्याच्याबरोबर गेले. तेव्हापासून मनात आहे की घराचा म्हणून एक स्वतंत्र कॅमेरा असावा, जो कपाटात ठरलेल्या जागी राहील आणि ज्याला हवा तो उचलून वापरेल. सासूबाई पूर्वी रिळाच्या कॅमेऱ्याने उत्तम फोटो काढत असत. मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकले की भलतेच काही उघडते, म्हणून त्यांनी आता फोटो काढणेच सोडून दिले आहे. त्यांना दाबायला खरेखुरे बटण हवे आहे.

आमची मर्यादा १२,००० रुपयांची आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, गावची जत्रा, घरातले सणवार आणि सप्टेंबरात कासची एखादी फेरी एवढाच वापर होईल. ऑनलाइन पाहताना ४८ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साडेपाच हजारांना दिसला, तर नावाजलेल्या कंपन्यांचे २० मेगापिक्सेलचे कॅमेरे त्याहून महाग आहेत. आकडा मोठा आणि किंमत कमी, हे कसे काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डार्करूम

ताई, मी २६ वर्षे स्टुडिओत काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तो ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा कृपया घेऊ नका. अशा बिननावाच्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा सेन्सर, म्हणजे भिंगामागे चित्र टिपणारा भाग, कमी क्षमतेचा असतो आणि आतले सॉफ्टवेअर त्याचेच चित्र ताणून मोठे करते. भिंग एकाच जागी बसवलेले असते, फोकस हलत नाही आणि झूम म्हणून जे मिळते ते चित्राचा मधला भाग कापून मोठा केलेला असतो. आता गरजेचा हिशेब पाहा. ४×६ इंचाची उत्तम छपाई इंचाला ३०० ठिपक्यांनी होते, म्हणजे १२०० गुणिले १८००, साधारण २१.६ लाख ठिपके, आणि दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. याचा अर्थ अल्बमच्या फोटोला दोन मेगापिक्सेलहून थोडे अधिक पुरते. भिंतीवर लावायच्या ८×१२ इंची फोटोलाही नऊ मेगापिक्सेलच्या आत काम भागते. त्यामुळे १६ किंवा २० हा आकडा तुम्हाला भरपूर आहे.

पाहायचे ते भिंग, खरा म्हणजे ऑप्टिकल झूम, हात हलला तरी चित्र सावरणारी व्यवस्था आणि सेन्सरचा आकार. तुमच्या मर्यादेतल्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत सेन्सर ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, त्याचे क्षेत्रफळ चौपट भरते, पण त्याची किंमतही तशीच वर जाते. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो: संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चांगला मोबाईल या स्वस्त कॅमेऱ्यांना मागे टाकतो. दिवसाच्या उजेडात, झूम लागतो तिथे आणि फ्लॅशच्या बाबतीत मात्र कॅमेरा अजून पुढे आहे. त्याचा फ्लॅश क्षणभरच, पण लख्ख पडतो, त्यामुळे दिवाळीत अंगणात धावणारी मुलगी त्यात जागच्या जागी टिपली जाते. मोबाईलचा दिवा तसे करू शकत नाही. फक्त फ्लॅशचा आवाका दोन-तीन मीटरच समजा.

नावे घेऊन सांगायचे तर सोनी डब्ल्यू८३० पाहा. २०१४ मध्ये आलेला हा कॅमेरा ८ पट ऑप्टिकल झूमचा आहे आणि चित्र सावरण्याची सोय भिंगातच आहे. त्याच्याच भावंडात, डब्ल्यू८०० मध्ये, झूम ५ पट आहे आणि भिंगातली ती सोय नाही, म्हणून थोडे पैसे वाचले तरी मी तो सुचवणार नाही. कॅननमध्येही असाच फरक आहे: आयएक्सयूएस १८५ मध्ये ही सोय भिंगात नाही, १९० मध्ये आहे. सासूबाईंचे वय लक्षात घेता हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हात किंचित कापला तरी फोटो हलतो आणि माणूस स्वतःलाच दोष देऊन कॅमेरा खाली ठेवतो. यांतले बरेचसे कॅमेरे आता जुन्या बाजारातच मिळतील.

स्नेहसंमेलनासाठी एक सूचना. डब्ल्यू८३० चे भिंग झूम न करता एफ ३.३ ला उघडते, पण पूर्ण झूम केल्यावर ते एफ ६.३ वर येते (हा आकडा वाढला की भिंगाचे तोंड लहान होते), म्हणजे आत येणारा उजेड जवळपास चौथ्या हिश्श्यावर उतरतो. मागच्या रांगेत बसून झूम करण्यापेक्षा लवकर जाऊन पुढची खुर्ची धरलेली बरी.

संगमकाठ

वापरलेला कॅमेरा घेताना माझी फसवणूक झाली होती, म्हणून लिहीत आहे. एका दुकानदाराने नवा म्हणून दिलेला कॅमेरा दुरुस्त करून पुन्हा बांधलेला निघाला आणि दोन महिन्यांत त्याचे भिंग बाहेर येईनासे झाले. आता मी दुकानातच कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करून पाहतो. भिंग बाहेर येताना करकर आवाज आला किंवा ते अडखळले, तर तो कॅमेरा तिथेच ठेवतो. पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहावा, आतली बुरशी किंवा धूळ धूसर डागांसारखी दिसते. बॅटरीचा खणही उघडून बघावा. तिथे हिरवट थर असेल तर कॅमेऱ्याला ओल लागलेली आहे.

जत्रेचे म्हणाल तर पालच्या खंडोबाला आम्ही दर वर्षी जातो. तिथे भंडारा उधळला की सगळे माणूस पिवळे होते आणि ती हळद बाहेर आलेल्या भिंगाच्या नळीत जाऊन बसते. माझा आधीचा कॅमेरा त्यानेच गेला. आता कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून तोंडाला रबर लावतो आणि फक्त भिंगापुरते भोक ठेवतो. घरी आल्यावर भिंग आत घेण्याआधी मऊ कुंचल्याने नळी झटकतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण काचेवर बसतात.

तेरडा

कासबद्दल थोडे. पठारावर फुलांत पाय टाकता येत नाही आणि टाकूही नये, त्यामुळे आखलेल्या वाटेवरूनच फोटो घ्यावे लागतात. तेरड्याचा गुलाबी पट्टा किंवा कुमुदिनी तलाव झूमशिवायही छान येतो. सीतेची आसवे मात्र इतकी इवली असतात की त्यांच्यासाठी वाटेच्या कडेला बसून कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो. डब्ल्यू८३० झूम न करता सुमारे पाच सेंटिमीटरवरून फोकस करतो. झूम केले की हे अंतर वाढते आणि नवख्यांचे फोटो नेमके तिथेच धूसर येतात.

धुके आणि भुरभुर असेल तर कॅमेरा जाकिटाच्या आत ठेवावा. घरी आल्यावर तो लगेच कपाटात कोंडू नये, आधी कोरड्या जागी उघडा ठेवावा आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी फार लवकर धरते.

शाहूनगरी

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही सासूबाईंना घेऊनच दुकानात गेलो आणि वापरलेला डब्ल्यू८३० ६,८०० रुपयांना घेतला. संगमकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे दहा वेळा चालू-बंद केला, कागदाचा फोटोही काढला. सासूबाईंनी बटण एकदम दाबले तेव्हा पहिले तीन फोटो हलले. मग दुकानातल्या मुलाने ते आधी अर्धे दाबायला शिकवले. पडद्यावर हिरवी चौकट आली की त्या श्वास रोखतात आणि मग उरलेले बटण दाबतात. चौथा फोटो नातीचा आहे, डोळ्यांच्या पापण्या मोजता येतील इतका स्वच्छ.

एक शंका राहिली आहे. ३२ जीबीचे कार्ड पुरेल का, आणि पुन्हा फोटो जाऊ नयेत म्हणून काय करावे?

डार्करूम

पुरेल. त्यात २० मेगापिक्सेलचे सुमारे ४००० फोटो सहज बसतात. पण कार्ड म्हणजे साठवणीची जागा नव्हे. दर महिन्याला एक दिवस ठरवून फोटो संगणकावर उतरवा, तिथून वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत करा आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामे करू नका. ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, म्हणजे माहेरी वगैरे ठेवावी. वर्षातले निवडक शंभरेक फोटो छापूनही घ्या.

आणि आज पहिला फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ भरा. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की ती पुसली जाते, तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी एकदा पाहून घ्यावी. स्टुडिओत माझ्याकडे असे कितीतरी अल्बम आले, ज्यांत बारसे लग्नाच्या आधीच्या तारखेचे होते.