मदत हवी आहे: ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा पुरावा कोर्टात टिकेल असा कसा जपायचा?

मंडळी, लालबागला मामांचा छोटा छापखाना आहे. भागीदाराशी हिशोबावरून बिनसलंय, प्रकरण कोर्टात जाणार हे नक्की. सगळी मदार ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर: टॅलीचा डेटा, मेल, आणि एक एक्सेल फाइल, जिच्यातल्या बिलांचे आकडे मागाहून फिरवल्याचा मामांना दाट संशय आहे.

मामेभावाने ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. उघडून पाहतो तर 'क्रिएटेड'ची तारीख कॉपी केल्या दिवसाची, 'मॉडिफाइड'ची मात्र जुनीच. म्हणजे बनायच्या आधीच बदललेली फाइल! विंडोज कॉपी करताना असंच करतं हे मला कळतं, पण समोरचा वकील हेच धरून बसला तर?

आमच्या वकिलांनी इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात कसा द्यायचा ते सांगणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ दाखवलं (१ जुलै २०२४ पासून लागू, आधीच्या पुरावा कायद्यातलं ६५-ब). त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राचा भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, सोबत हॅश रिपोर्ट (हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा; आत जरा काही बदललं की तोही बदलतो). मामांचं म्हणणं, "एवढी भानगड कशाला, मी सीपीयूच उचलून नेतो." त्यांनी कुठूनतरी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऐकलाय: मूळ यंत्र त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून सिद्ध केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. पण तो निकाल जुन्या कलमावरचा, आणि कॉम्प्युटर भागीदारीच्या नावावर. मालक कोण म्हणायचं?

आता खरी अडचण. रोजची बिलं त्याच मशीनवर निघतात. त्यात एसएसडी आहे, म्हणजे डिलीट केलेलं ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा एसएसडी आपणहून रिकामी करते ती सोय) मागच्या मागे साफ होत असणार. माझ्या मते मशीन आजच बंद करून, डिस्क काढून सील करावी आणि कामाला दुसरी बसवावी. मामा म्हणतात, ऐन लग्नसराईत पत्रिकांची कामं अडतील.

हे विचारायचंय:

डिस्क काढताना भागीदाराला बोलवून पंचनाम्यासारखं काही लिहून घ्यावं का, की त्याला सावध केल्यासारखं होईल?

राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, आणि एसएचए-२५६ हॅश काढून देणारा माणूस मुंबईत साधारण काय घेतो? भाग ब वर तोच सही करतो का? कलिनाची सरकारी फॉरेन्सिक लॅब दिवाणी दाव्यात खासगी माणसाकडून थेट डिस्क घेते का?

आणि पेनड्राइव्हवरची ती कॉपी ठेवू की नको? मी तूर्त हातही लावलेला नाही.

ज्यांनी अशी केस लढवलीय त्यांनी कृपया लिहा. "चांगला वकील गाठा" हे नको, वकील आहेत.