मदत हवी आहे: रीजन्सी प्रेमकथेत नायिकेला अर्ध्या वाटेतून परत कसं आणू?

कुमारवयीन वाचकांसाठी रीजन्सी काळातली (इंग्लंडमध्ये राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तो काळ, १८११–१८२०) प्रेमकथा लिहितेय, नायिका १७ वर्षांची. या प्रकाराची गोडी बंधनांतच आहे. हातमोज्यातून झालेला स्पर्शही घटना ठरतो, एकाच जोडीदाराबरोबर दोनाहून जास्त नाच झाले की कुजबुज सुरू. म्हणून नियम चुकला की ताणच जातो.

अडलंय लग्नापाशी. १७५३च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये २१ खालच्यांना परवान्यावर लग्न करायला वडिलांची संमती लागे. कथांमध्ये नायक कँटरबरीच्या आर्चबिशपकडून (इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू) खास परवाना आणतो आणि प्रश्न मिटतो (सोयीस्कर!). पण त्याने जागा-वेळेची अट सुटते, संमतीची नाही. परवान्याऐवजी चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा करावी, तर वडील हरकत घेणार. उरतं सीमेपलीकडचं स्कॉटलंडमधलं ग्रेटना ग्रीन गाव, जिथे हा कायदा लागू नव्हता: लंडनहून ३०० मैलांच्या वर, घोडे बदलत जायचं.

मात्र वाटेत एक रात्र गेली तरी अब्रू गेली, परतीची वाट बंद. मला तर ती स्वतःच्या मर्जीने अर्ध्यातून फिरायला हवी आहे. सोबत कोण दिलं तर पटेल, मोलकरीण की विवाहित बहीण? आणि अनोळखी प्रवाशांनी भरलेली टपालगाडी बरी, की भाड्याची बंद घोडागाडी?