ड्रग्जच्या केसमध्ये अपिलासाठी वर्गणी द्यायची का?

कळवानाका: आमच्या गल्लीतल्या पोराकडे ६० ग्रॅम एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सापडली. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने १० वर्षं सक्तमजुरी आणि १ लाख दंड ठोठावला. घरचे आता हायकोर्टात जाणार, त्यासाठी दारोदार वर्गणी मागताहेत. मी दमडी देणार नाही. आपल्या पोरांच्या हाती काय पडतंय ते बघतोच आपण. बोला.

खाडीकाठ: बरोबर. वय लहान, पहिलाच गुन्हा, म्हातारी आई असं रडगाणं गायचं आणि शिक्षा कमी करून घ्यायची.

नौपाड्याची_मावशी: कमी होणारच नाही. वकिलाकडे कारकून आहे, रोज बघते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात एमडी ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यापारी मात्रा, आणि तिथे किमान शिक्षाच १० वर्षं. त्याखाली कोर्टाला उतरता येत नाही. म्हणून आई-बापावर पानं भरण्यात अर्थ नाही. झडती, जप्ती, नमुने नीट झाले का, वाद तेवढाच.

खाडीकाठ: म्हणजे पळवाट. माल सापडला ना?

नौपाड्याची_मावशी: सापडला हेच सिद्ध करायचं असतं, भाऊ! ताबा सिद्ध झाला की गुन्हेगारी हेतू कायदाच गृहीत धरतो. एवढा भार पंचनाम्यावर, मग तो तपासायला नको? अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे सांगावंच लागतं, त्याच कायद्याचं कलम ५०. बलदेव सिंग प्रकरणात १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. पण माल पिशवीत असेल तर हे कलम लागत नाही. खिशात होता की सॅकमध्ये?

कळवानाका: सॅकमध्ये.

नौपाड्याची_मावशी: मग तो मुद्दा गेला. पावडरीत भेसळ होती म्हणावं तर सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीसकट अख्खं वजन धरतात. उरलं कलम ५२-अ, मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढणं. तिथेही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, निव्वळ त्या त्रुटीने खटला कोसळत नाही. कुठली पळवाट नि काय!

कळवानाका: मग पैसे पाण्यातच की.

ऐरोलीकर: तरी अपील व्हावं. खालचा निकाल एका न्यायाधीशाचा. तरण्या पोराची १० वर्षं जाणार, तर पुरावा वरच्या कोर्टाने पहिल्यापासून वाचावा आणि मग खुशाल शिक्षा कायम करावी.

नौपाड्याची_मावशी: करा ना, पण वर्गणी कशाला? कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अपील तुरुंग अधिकाऱ्याकडेही देता येतं. मुदत ६० दिवस, नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळून. आणि अपील दाखल झालं की पोरगा घरी येतो असं घरच्यांना कुणी सांगू नका. शिक्षा स्थगित करतानाही कलम ३७ च्या, म्हणजे जामिनाच्या कडक अटी आड येतात.

खाडीकाठ: ऐकलंत? फुकट मिळतं ते सोडून मोठा वकील हवाय. माझा नकार कायम.

ऐरोलीकर: मोफत वकिलाला वाचायला कागद तर हवेत. मी साक्षींच्या नकलांपुरते पाचशे देतोय. तुम्ही नका देऊ.