मदत हवी आहे: असल्या मरणाला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, रविवारी कोथरूडला आमच्या गटात ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेतल्या ताशा यार या यानाच्या सुरक्षा अधिकाऱ्यावर बोलायचंय. १९८८च्या भागात एक दुष्ट जीव तिला विनाकारण, क्षणात मारतो. १९९०च्या भागात इतिहास बदलल्यामुळे जिवंत असलेली ताशा, निदान मरण तरी सार्थकी लागावं म्हणून, आपणहून भूतकाळातल्या लढाईत जाते. आणि १९९१मध्ये कळतं, ती तिथे वाचली होती! रोम्युलन या शत्रू परग्रहवासीयांच्या कैदेत तिला मुलगी झाली. तिला कडेवर घेऊन पळताना ती चार वर्षांची पोरच ओरडली, आणि आईला मृत्युदंड. इथे दरवेळी माझा घसा दाटतो.

‘उपरोध’ बोलण्यातला, ‘विरोधाभास’ कोरडा. ‘दैवदुर्विलास’ जवळचा, पण निवड तर तिचीच होती ना? नेमका शब्द सुचवाल का?