परसात मोकळ्या सोडायला गावठी कोंबड्या: सहा तलंगा, एक कोंबडा, हौसेपुरत्या

ओटीवरून (प्रश्न)
चिपळूणजवळ घर. मागे अडीच गुंठ्यांचं परस, नारळ-केळी-फणस, तीन बाजूंना चिऱ्याचा गडगा. सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणि एक कोंबडा आणायचा विचार आहे. धंदा करायचा नाही. खुराडं केवढं बांधावं? दिवसभर मोकळ्या असतील तर वरून खाणं किती घालावं? अंडी केळीच्या बुंध्यात घालून ठेवतात म्हणे, त्याला उपाय? रोगांचं काय? शेवटचा प्रश्न घरच्यांचा: नुसत्या कोंबड्या बघत बसण्यात एवढं असतं तरी काय?

चिरेबंदी
सात पक्ष्यांना ४ बाय ४ फुटांचं खुराडं पुष्कळ झालं, रात्री झोपण्यापुरतंच ते हवं. तुमच्याकडे पाऊस जबर, म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. आत ३ इंच भाताचं तूस. बसायला आडवी रीप, दीड-दोन इंच रुंद, कडा रंध्याने मारलेल्या. ओला बांबू गुळगुळीत असतो, पाय घसरतात. प्रत्येकीला ८ इंच जागा धरा आणि रिपा एकाच उंचीवर ठोका. एक वर, एक खाली ठेवलीत की वरच्या जागेसाठी रोज तिन्हीसांजेला मारामारी.

अंड्यांच्या पेट्या दोन, फूटभर लांब-रुंद. त्या रिपांपेक्षा खाली हव्यात. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते, पेटी वर असली तर तिथेच झोपणार आणि तिथेच घाण करणार. जाळी अर्धा इंची वेल्डमेशची घ्या. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, आणि लहान साप तिच्यातून सहज आत येतो. हवेच्या फटी बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, म्हणजे वारा अंगावर येत नाही आणि तुसाचा वास निघून जातो. सकाळी दार उघडल्यावर नाक चुरचुरलं तर तूस ओलं झालंय असं समजा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा ते खालीवर करा, भिजलेलं काढून टाका.

तूस_आणि_राख
अंड्यांबद्दल. आणल्यावर पहिला आठवडा बाहेर सोडूच नका, खुराडं हेच घर हे डोक्यात बसू दे. तलंगा अंड्यावर आल्या की सकाळी दहानंतर सोडा, बरीचशी अंडी तोवर घालून होतात. पेटीत अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवा. खरं अंडं खुणेला ठेवू नका, फुटलं तर कोंबडी चाखते आणि मग चटक सुटत नाही. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मधे एखादा दिवस खाडा पडतो. तो आजार नव्हे.

हिशोबही आधीच करून ठेवा. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, तीही बारा-पंधरा सलग घालून मग खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. सहा मिळून दिवसाला सरासरी एक. जास्त हवी असतील तर गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींच्या आणा, पण त्या जड असतात, घारीपासून पळणं त्यांना तेवढं जमत नाही.

खाणं: अख्खा दिवस मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, पाला यांवर बरंच भागवते. वरून प्रत्येकी ४०-५० ग्रॅम पुरे, तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि थोडी पेंड. सकाळी मूठभरच, उरलेलं संध्याकाळी, म्हणजे दिवसभर चरतात आणि हाक मारली की परत येतात. कालवांचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना कवचासाठी लागतं त्या आपापल्या खातात. सुकट घालायची तर दोनदा धुऊन, जास्त मीठ त्यांना मारतं. थर्माकोल आणि नायलॉनचे धागे परसातून आधी वेचून काढा.

माळावरची
घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण बाकीची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

कोंबड्याला दाणा सापडला की तो स्वतः गिळत नाही. उचलतो, टाकतो, घशातल्या घशात 'कुट कुट कुट' करतो आणि कोंबड्या धावत येतात. (काही लबाड कोंबडे दाणा नसतानाही बोलावतात.) वर घार दिसली तर एकच लांब, बारीक ओरडा, आणि सगळ्या झुडपाखाली. मांजर किंवा मुंगूस दिसलं तर आवाज वेगळाच, तुटक आणि पुन्हापुन्हा, तेव्हा माना वर होतात. हे दोन आवाज ओळखू यायला लागले की आत बसूनही परसात काय चाललंय ते कळतं.

दुपारी एखादी उन्हात एक पंख आणि एक पाय ताणून, डोळे मिटून आडवी पडेल. मेली म्हणून धावू नका, ती ऊन खातेय. मातीत लोळून अंगावर धूळ उडवणं हा त्यांचा उवा-पिसवांवरचा इलाज. फणसाखाली, पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात, कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख भरलेलं घमेलं ठेवा.

पण बघायची खरी वेळ कातरवेळेची, त्या आत शिरतात तेव्हाची. कोण कोणाआधी चढते, कोण कोणाला सरकवते, हा क्रम सहसा बदलत नाही. रोज पुढे असणारी मागे राहिली, पिसं फुलवून दाराशी उभी राहिली, की तिला उचला. छातीच्या वरची अन्नाची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही टणक लागली तर आत काही अडकलंय. खालची विष्ठाही बघा: गडद आणि वर पांढरा ठिपका असली की ठीक. अधूनमधून तपकिरी, चिकट पडते तीही ठीक. हिरवी पातळ किंवा रक्ताची असली तर तिला त्याच रात्री वेगळी ठेवा.

चिरेबंदी
@माळावरची, कोंबड्याचं खरंय, पण अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही हे सांगायला हवं. पिल्लं काढायची असतील तरच, किंवा हा पहारा हवा असेल तर.

लसवाला
हिरवी पातळ विष्ठा, धाप, मान वाकडी हे एकत्र दिसलं तर ती मानमोडी. तिच्यावर औषध नाही, लसच. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात याच रोगाची दुसरी लस, आर-टू-बी, टोचून अर्धा मिली. तयार तलंगा घेताना या तिन्हींचं विचारा, विकणारा गोंधळला तर दुसरीकडे घ्या. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना त्यांच्यापासून दोन-तीन आठवडे दूर ठेवा.

लस फुकट जाते ती बहुतेक वाटेत. बर्फाच्या थर्मासातून आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून देणार असाल तर क्लोरीनचं नळाचं पाणी नको, विहिरीचं घ्या. तुऱ्यावर काळसर खपल्या आल्या तर ती देवी, डासांमार्फत येते, म्हणून खुराड्याजवळ पाणी साचू देऊ नका. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, मात्रा वजनावर, ती पशुवैद्यकांकडूनच घ्या. किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारा.

बाटली मात्र सात कोंबड्यांची मिळत नाही, शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. वाडीत अजून कोणाकडे कोंबड्या आहेत ते आधी विचारून ठेवा आणि सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लस द्या.